संतराम मास्तरांनी निवडलेलं गाणं

वसमतजवळच्या मिशनशाळेत संतराम मास्तर आठवडाभर पाढे शिकवीत आणि रविवारच्या उपासनेसाठी गाणी निवडीत. पहिलं काम सोपं. पोरं निदान छडीला भीत. उपासनेला जमणारी मंडळी कुणाला भिणार? ती उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनाही भीत नसे.

शनिवारी संध्याकाळी मास्तर पेटी पुढ्यात ओढत, उपदेशाला साजेलसं गाणं शोधत, चाल घोळवत, बायकोला ऐकवत. रविवारी त्यांनी गाणं सांगितलं रे सांगितलं, की बायकांच्या बाजूने भिकामावशी ते उचले आणि सारी मंडळी तिच्यामागे. रीतच पडली होती तशी. आता मावशीला चाल येई एकच, जात्यावरची. लग्न असो, मयत असो, नाताळ असो, दळण तेच.

एकदा मास्तरांनी हट्टाने आखूड ओळींचं गाणं निवडलं. म्हटलं, आता बघू काय करते ती! मावशीने जागा उरली तिथे ‘गं बाई’ घातलं, तरीही उरली तिथे ‘माझ्या राजा’ कोंबलं. लांब ओळींचं निवडलं, तर जास्तीचे शब्द गिळून मोकळी झाली.

नगरला शिकत असताना ईस्टरच्या पहाटे मास्तरांनी एक संथ, हळूहळू चढत जाणारं गाणं ऐकलं होतं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते एकदा, फक्त एकदा, आपल्या मंडळीच्या तोंडून ऐकायचं, एवढीच त्या माणसाची आस.

एका वर्षी ईस्टरसाठी त्यांनी त्या गाण्याची तालीम धरली. हळदीचे दिवस. माणसं दिवसभर हळद शिजवून पिवळ्याधमक हातांनी येत आणि भिंतीला टेकून पेंगत. तरी मास्तर हटले नाहीत. शेवटी मावशीच्या दारात गेले.

“मावशी, ईस्टरला तेवढं गाणं उचलू नका.”

“काहून? आवाज बसला का माजा?”

“आवाज नाही हो. चाल निराळी आहे.”

“चालीत काय ठिवलंय, मास्तर? देवाला सबूद कळतेत.”

“देवाला कळतात. मला चाल ऐकायचीय!”

“मंग तसं म्हना की, देवासाठी न्हाई, तुमच्यासाठी हाय. बराबर. जीभ चावून बसते.”

ईस्टरची पहाट उजाडली. मास्तरांनी पेटीवर सूर धरला आणि येशूच्या कबरीवरचा दगड सरल्याचं ते नगरचं गाणं सुरू केलं, “दगड सरला, पहाट झाली...” मावशी ओठ मिटून बसली. मंडळीने मावशीकडे पाहिलं, आणि मंडळीही ओठ मिटून बसली. मास्तरांनी मान हलवली, भुवया उडवल्या, भाता जोरात हाणला. तालमीला रोज येणारा तातेराव भक्तिभावाने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. घामाघूम होऊन मास्तर एकटेच शेवटच्या कडव्याला पोचले.

“वा मास्तर!” तातेराव म्हणाला. “लई गोड गळा!”

“अरे, तुम्ही म्हणायचं होतं ते! तालीम कशाची घेत होतो मी?”

“आमाला वाटलं तुमी म्हणून राहिले. मधी काहून तकलीफ द्यावी?”

पाळकसाहेब खाकरले. “छान झालं, मास्तर. आता एखादं मंडळीचंही होऊ द्या.”

पलीकडून मावशी म्हणाली, “सोडू का आता जीभ?”

“सोडा,” मास्तर दात आवळून म्हणाले.

मावशीने तेच गाणं उचललं. “दगड सरला गं बाई, पहाट झाली माझ्या राजा...” पिवळ्या हातांच्या टाळ्यांनी छप्पर दणाणलं. मास्तर पेटीवर तिचा सूर शोधू लागले. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध होता. ही दाबली तर खाली, ती दाबली तर वर. अखेर त्यांनी भाता बंद केला आणि हताशपणे समोर पाहिलं. बायकांच्या रांगेत, शनिवारची प्रत्येक चाल ऐकलेली त्यांची बायको डोळे मिटून, सगळ्यांच्या वर आवाज चढवून ‘गं बाई’ म्हणत होती.