आप्पांचा पाना

क्लॅम्पच्या बोल्टवरची गुलाबी रेघ तुटलेली होती. ती मीच ओढली होती, बायकोच्या नेलपॉलिशने. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. बोल्ट बसवला की त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि कुणीतरी हात लावलाय हे कळतं.

“हा कुणी उघडला?” मी विचारलं.

“कुणीच न्हाई, काका,” भाग्यश्री म्हणाली.

माझं डोकं आधीच तापलं होतं. नांदेडमध्ये माझं छोटं गॅरेज आहे आणि मी मुख्यतः मोटरसायकलचे पुढचे फोर्क दुरुस्त करतो. फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या नळ्या. आपल्याकडे सगळे त्याला शॉकअप म्हणतात. या पोरीच्या गाडीचा फोर्क मी दोनदा खोलला होता आणि दोन्ही वेळा तो घरी जाऊन पुन्हा जाम झाला होता. एकाच गाडीने त्याच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा येणं म्हणजे मेकॅनिकच्या तोंडाला काळं.

भाग्यश्री चाकूरजवळच्या एका गावातली. लातूरला कॉलेजात शिकते आणि ट्रायल्स चालवते. ट्रायल्स ही रेस नव्हे. दगडधोंड्यांवरून, कपारींवरून गाडी हळूहळू न्यायची, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. पाय टेकला की दंडाचे गुण. गाडीला धड सीटसुद्धा नसते, सगळं उभ्यानेच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही सर्कस कशासाठी? मग तिला माझ्या गॅरेजमागच्या विटांच्या ढिगावर चढताना पाहिलं आणि सर्कस हा शब्द परत घेतला.

या खेळात फोर्क दबला की लगेच वर यायला हवा. तिचा दबायचा आणि तिथेच अडकायचा. मागच्या महिन्यात उंच दगडावरून उतरताना पुढचं चाक असंच दबून राहिलं आणि पोरगी हँडलवरून पुढे गेली. मनगटाला प्लास्टर. त्या दिवशी तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, अजून एकदा पडलीस तर गाडी ताडपत्रीखाली जाईल, ती कायमची. आता प्लास्टर निघालं होतं. येत्या रविवारी नांदेडबाहेरच्या माळावर पुण्याची एक टीम नवे रायडर निवडणार होती. आणि फोर्क पुन्हा जाम.

पहिल्या वेळी मी ऑइल आणि सील बदलले. दुसऱ्या वेळी नळ्यांना बेंड आहे का ते पाहिलं, नव्हता, तरी आतल्या बुशच्या कड्या नव्या घातल्या. मग रस्त्याला शिव्या घातल्या. आमच्याकडे दोष कुणाचा ते कळेनासं झालं की तो रस्त्याचा असतो.

या खेपेला काही खोलायच्या आधी तो रेघ तुटलेला बोल्ट सैल केला. “टक्” असा आवाज आला आणि दबलेला फोर्क आपोआप वर आला. मी पुन्हा आवळला, जाम. सैल केला, मोकळा.

म्हणजे फोर्कला काहीच झालं नव्हतं. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा. एका बाजूची नळी त्या दांड्यावर क्लॅम्पने धरलेली असते. ती नळी आपल्या जागी नसताना क्लॅम्प आवळला तर दोन नळ्या सरळ समांतर राहत नाहीत. टेबलाचा खण तिरपा लोटला की अडकतो, तसा मग फोर्क अडकतो.

“खरं सांग. कुणी हात लावला?”

“उघडला न्हाई ओ कुणी. आप्पा फक्त आवळतेत.”

“आप्पा?”

“माझे वडील. प्रॅक्टिसला निघायच्या आधी दर वेळेस सगळे नट आवळून देतेत. पान्याला पाइप लावून.”

पान्याला पाइप! पान्याचा दांडा लांब झाला की नटावर जोर दुप्पट पडतो. ट्रॅक्टरला ठीक आहे, पण या नाजूक गाडीत तेवढ्या जोराने नळी जागची सरकते. मी फोन उचलला. तिने माझा हात धरला.

“फोनवर नका सांगू, काका. त्यांच्या आवळण्यानं पडले म्हणलं, तर ते गाडीकडं बघणार न्हाईत आन् मलाबी बघू देणार न्हाईत.”

मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी टेम्पोत घालून मीच तिच्या गावाला गेलो. वाटेत काय काय सुनावायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

अंगणात मळणीयंत्र उभं होतं. सोयाबीनच्या हंगामात आप्पा ते घेऊन गावोगाव फिरतात. त्यांनी चहा मागवला आणि गाडी खाली उतरताच, मी काही बोलायच्या आत, इंजिनखाली लाकडी ओंडका सारून पुढचं चाक अधांतरी केलं. मग पाना घेऊन बसले. तेव्हा मला त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट दिसलं. अर्धंच होतं.

माझी नजर त्यांनी ओळखली.

“मशीनचा एक नट ढिला राहिलता,” ते म्हणाले. “दुसऱ्यानं आवळला म्हणून मी बघितलाच न्हाई. तवापासून एक बी नट कुणाच्या भरवशावर सोडत न्हाई, मिस्त्री. ही तर लेकीची गाडी हाय.”

या माणसावर चिडायचं तरी कसं?

“आवळा आप्पा,” मी म्हणालो. “तुमच्या पद्धतीनं आवळा.”

त्यांनी पाइप लावून कचकून आवळला. ओंडका काढला. मी म्हटलं, आता हँडल दाबा. फोर्क खाली गेला आणि तिथेच बसला.

“आता बोल्ट सैल करा. पुढचा ब्रेक धरा आणि दाबा. अजून दाबा. नळीला तिची जागा तिची तिला शोधू द्या. हां. आता आवळा. पाइप नको, नुसता पाना. हाताला लागला की थांबा.”

त्यांनी तसं केलं. मग हँडल दाबलं. फोर्क खाली गेला आणि वर आला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वर आला. ते कितीतरी वेळ तेच करत राहिले. दारात भाग्यश्री चहाचे कप घेऊन उभी होती, पण पुढे येत नव्हती.

“म्हंजी त्या दिवशी पोरीला दगडानं न्हाई पाडलं,” आप्पा म्हणाले.

मी घाईघाईने म्हणालो, “आवळणं चुकीचं नाही आप्पा. फक्त क्रम चुकला. आधी गाडी दाबायची, मग आवळायचं.”

“खामखा समजूत घालू नका, मिस्त्री.”

त्यांनी पाना पुसला, पाइप भिंतीला टेकवून ठेवला आणि आत निघून गेले. चहा आम्ही दोघांनीच प्यायला. रविवारी हा माणूस पोरीला पाठवेल की नाही, मला काही सांगता येईना.

रविवारी माळावर मी त्यांच्या आधी पोचलो होतो. भाग्यश्री आली, मागोमाग आप्पा. त्यांनी थेट माझ्याकडे येऊन खिशातला पाना काढला आणि माझ्या हातात दिला.

“तुमच्यापाशी राहू द्या. माझ्याजवळ ऱ्हायला तर हात ऱ्हायचा न्हाई.”

भाग्यश्री चांगली चालवत होती. दगडावरून उतरताना फोर्क दबायचा आणि वर यायचा, आणि दर वेळी माझ्याच जिवात जीव यायचा. शेवटच्या टप्प्यात तिने एका कपारीवर घाईने थ्रॉटल दिला. मागचं चाक घसरलं आणि ती बाजूला आडवी झाली.

आप्पा ताडकन उठले. मला वाटलं, संपलं. गाडी गेली ताडपत्रीखाली. ती धूळ झटकत उभी राहिली तेव्हा ते तिच्यापर्यंत पोचले होते. मी मागे धावलो.

“चाक अटकलं काय गं?”

“न्हाई आप्पा. गाडी बराबर होती. मीच चुकले.”

आप्पांनी तिचं मनगट हातात घेऊन हळूच वळवून पाहिलं. ठीक होतं.

“तू चुकलीस ना? मग चालतंय,” ते म्हणाले. “उचल गाडी.”

टीमने तिला राखीव म्हणून घेतलं. पहिल्या वर्षाला तेही कमी नाही.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो, आवळायच्या आधी गाडी एकदा हलवून बघा. निम्मे ऐकतात. आप्पांचा पाना अजून माझ्याच टूलबॉक्समध्ये आहे. सोयाबीन निघालं की ते न्यायला येतील. मळणीयंत्रावर मात्र त्यांनी खुशाल पाइप लावून आवळावं. तिथे तेच बरोबर आहे.