शेवटच्या टाकीतले मासे

आमच्या कारखान्यात कुंपणाची तार तयार होते. तारेवर जस्ताचा मुलामा चढवायच्या आधी ती तेजाबात धुतात. ते धुतलेलं पाणी कुठे जातं, हे बघण्याचा पगार मला मिळतो. रोज सकाळी कंपनीच्या बसने कारध्याचा पूल ओलांडून मी कामावर येते आणि दिवसभर घाण पाणी साफ करते. घरी कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. बाकी सांगत बसले की जांभया सुरू होतात.

मी लागायच्या आधी हे पाणी फारसं साफ होत नसे. नाल्यातून ते शेजारच्या गावतलावात उतरायचं, आणि एका वर्षी तिथले सगळे मासे मेले. त्यानंतर कंपनीने शुद्धीकरणाचा प्लांट उभारला, चुना आला, टाक्या आल्या, प्रयोगशाळा आली आणि मी आले. पाणी आता खरोखर चांगलं निघत होतं. कंपनीला ते उन्हाळ्यात गावतलावात सोडायचं होतं. गावालाही पाणी हवं होतं, कारण जेठात तलाव आटला की तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींना बोटभर मासे बाजारात नेऊन विकावे लागत. पण आमच्या पाण्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. मी अहवाल घेऊन ग्रामसभेत उभी राहिले, तर ढिवरांच्या संस्थेचे म्हातारे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, मासे कागद वाचत नाहीत. तुमच्या शेवटच्या टाकीत आमचे मासे ठेवा. अक्षय्य तृतीयेपर्यंत जगले तर नळ सोडा.

मला राग आला. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला माशांकडून पास व्हायचं होतं. पण साहेबांनी लगेच मान डोलावली, आणि संक्रांतीनंतर अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने जर्मनच्या गुंडीतून, म्हणजे अॅल्युमिनियमच्या घागरीतून, रोहू-कतल्याची पोरं आमच्या शेवटच्या टाकीत सोडली. टाकी म्हणायची, एरवी ते चांगलं शेततळ्याएवढं तळं आहे. दर मंगळवारी अध्यक्ष सायकलवरून यायचे, बांधावर बसून बिडी संपेपर्यंत पाण्याकडे बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. त्यांच्या त्या न बोलण्याने माझं डोकं फिरायचं. चांगलं आहे एवढं तरी म्हणावं माणसाने.

मासे मात्र मस्त वाढत होते. मी सकाळी बॅग ठेवायच्या आधी तळ्यावर जाऊ लागले. आमचं घर माळकरी, ताटात मासा कधी आला नाही, त्यामुळे माशाबद्दलचं माझं ज्ञान शाळेच्या पुस्तकापुरतं. तरी त्यांची तोंडं पाण्यावर दिसली की दिवस बरा जायचा.

होळीच्या सुमारास बांधावर लावलेली जांभळाची आणि करंजाची रोपं पिवळी पडू लागली. माळी युरिया मागत होता. मी त्याला चांगलंच झापलं. पर्यावरणाचं काम करणाऱ्यांनी झाडाला युरिया घालायचा म्हणजे हद्दच झाली. आमच्याकडे सानगडीला धानाच्या पऱ्ह्यात, कोवळ्या रोपांच्या वाफ्यात, बाबा मोहाची ढेप टाकतात, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा. कीड मरते, रोप हिरवंगार होतं. मी बाबांना फोन करून दोन पोती मागवली, उभं राहून सगळ्या बांधावर पसरली आणि माळ्याकडून नळी लावून भरपूर पाणी मारून घेतलं. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते.

मी पाण्याचे नमुने घेतले, आम्लता तपासली, जस्त तपासलं, पुन्हा तपासलं. सगळं नियमात होतं. मग मला माझ्या यंत्रांचाच संशय आला, आणि त्याहून वाईट, इतक्या वर्षांच्या माझ्या अहवालांचा. मी गावाला खोटं सांगत आले की काय, हा विचार डोक्यातून जाईना. साहेब आले, तळ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, गोंदियाहून तेवढेच मासे मागवता येतील, दुपारपर्यंत पोचतील. मी त्यांच्यावर भडकले असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आधी मी मासे केवढे मागवायचे याचा हिशेब मनात करत होते. त्याची मला आजही लाज वाटते.

नेमका मंगळवार होता. माझा हिशेब पुरा व्हायच्या आत अध्यक्षांची सायकल फाटकातून आत आली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते बांधावर आले, बघत राहिले. मग उकिडवे बसून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि हात पाण्यात जोरात हलवला. पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस आला. त्यांनी मान वर करून बांधावरच्या रोपांकडे पाहिलं.

"ढेप कोनं टाकली अती?"

मी म्हणाले, इथे मीच टाकली. सानगडीहून मागवली, झाडांसाठी.

"पोरी, मोहाच्या ढेपीनं मासा मरते. तुले कोनी सांगतलं नाही?"

कोण सांगणार? आमच्या घरी ढेप धानाची, त्यांच्या घरी ढेप तलावाची. माशांचं नवं बीज सोडायच्या आधी तलावातले जुने, खादाड मासे काढायला ढिवर लोक मुद्दाम हीच ढेप टाकतात, हे त्यांनी मला तिथेच समजावलं. माझी ढेप नळीच्या पाण्याबरोबर बांधावरून तळ्यात उतरली होती. त्यांच्या घरातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मला पदवी घेऊन ठाऊक नव्हतं.

मी तशीच बांधावर बसले आणि रडू आलं. मासे मी मारले होते, तरी मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता येत नाही. पाणी चांगलं होतं. अहवाल खरे होते. एवढंच मनात पुन्हा पुन्हा येत होतं. अध्यक्षांना माझं रडणं मेलेल्या माशांसाठी वाटलं असावं. ते म्हणाले, "रडतं कायले? ढेपीचा जोर पंधरा-वीस दिसात उतरते. मंग तेच पानी माशाले लागते." मग त्यांनी खिशातून बिडी काढली.

ग्रामसभेत मी उठून सांगितलं की मासे कारखान्याच्या पाण्याने मेले नाहीत, मी मारले. कसे मारले तेही सांगितलं. मागून एक बाई हसली आणि सगळी सभा हसत सुटली. एका माणसाने हे कंपनीचं नाटक आहे म्हणून आरडाओरडा केला. अध्यक्ष उठले, आपण फेस डोळ्यांनी पाहिला म्हणाले, आणि बसले. त्यांच्या शब्दावर गावाने मला दुसरी संधी दिली. वीस दिवसांनी पुन्हा गुंडी आली. यावेळी बांधावर शेणखत होतं, आणि ते टाकायच्या आधी मी अध्यक्षांना विचारून घेतलं होतं.

अक्षय्य तृतीयेला मासे जिवंत होते. जेठात नळ सोडला. त्या वर्षी तलावाचं पाणी तळाशी गेलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी अध्यक्ष पिशवी घेऊन आले. तू मासे खात नाहीस म्हणून हे आणलं, म्हणाले. त्याच तलावातले ताजे शिंगाडे होते. त्यांनी एक सोलून माझ्या हातात ठेवला.

"तुह्याच पान्याचे हायेत."

मी तो हातात धरून उभी राहिले. डोक्यात पहिला विचार आला तो जस्ताचा. हे आधी प्रयोगशाळेत न्यावं का, असं मनात आलं आणि माझं मलाच हसू फुटलं. वर्षभर मी या म्हाताऱ्याला माझ्या पाण्यावर विश्वास ठेवा म्हणत होते. ते माझ्याकडे बघत होते, जसे तळ्याकडे बघत तसेच.

चार शिंगाडे मी तपासायला बाजूला ठेवले, सवय आहे. बाकीचे आम्ही दोघांनी बांधावर बसून, अहवालाची वाट न बघता, तिथेच संपवले.