पालभुंग्याची मिशी

सकाळी आखातातल्या अल मजाजच्या घरातून निघताना प्रकाश बायकोला, शोभनाला, म्हणाला होता, "आमचा अमेरिकन लसूणघासाचा लॉट आज तुमच्या लॅबला येतोय. गठ्ठ्यात एक किडा सापडलाय. साधा, बिनधोक क्लिक बीटलच असणार. उगाच शंकेची पाल चुकचुकू देऊ नकोस."

कित्येक महिने घरी बसल्यावर त्याला डेअरी फार्मवरची ही नोकरी लागली होती, आणि घासाचा हा पुरवठादार त्यानेच हट्टाने निवडला होता. माल परत गेला तर त्याच्यामागोमाग कोण जाईल, हे शोभनाला कुणी सांगायला नको होतं.

आता तो मेलेला किडा तिच्या मायक्रोस्कोपखाली होता. लाल मान, निळीकाळी पाठ, सडपातळ अंग. क्लिक बीटलसारखाच, पण मिशीचं टोक फुगलेलं. म्हणजे अमेरिकेतला लिझर्ड बीटल. शोभना त्याला पालभुंगा म्हणे. या कुळात भाऊबंद पुष्कळ, पण टोकाचे पाच-सहा सांधे जाड असले तर तो लँग्युरिया, आणि त्यातल्या एकाची अळी लसूणघासाचे देठ पोखरते. इथे चार दिसत होते. पाचव्याच्या जागी माती चिकटली होती, आणि दुसरी मिशी तुटलेली.

लॅबप्रमुख उपेंद्र दारातूनच म्हणाले, "क्लायंटचा परत कॉल आला. चार दिसतायत ना? मग चार लिहा, खलास."

"सर, क्लायंट माझ्याच घरात राहतो."

उपेंद्र खुर्ची ओढून बसले. किडे ओळखणारं लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. "फोटो काढत माती साफ करा. मी साक्षीला इथेच आहे."

शोभनाने ब्रश ओला केला. तिला प्रकाशचा भयंकर राग आला. मिशी मोडली तर कुणी दोष देणार नाही, हा विचार डोक्यात आला तेव्हा ती स्वतःलाच घाबरली. तिने श्वास रोखून ब्रश टेकवला. माती सुटली. खाली पाचवा सांधा होता, चांगला जाडजूड.

तिने रिपोर्टवर लँग्युरिया लिहिलं, सही केली, उपेंद्रनीही केली. रिपोर्ट गेल्यावर थोड्याच वेळात प्रकाशचा फोन आला.

"पाल निघाली म्हणे."

"हो."

"नीट मोजलंस ना?"

"दोनदा."

पलीकडे टेबलावर बोट वाजलं, टक टक. घरात पाल चुकचुकली की त्याची आई असंच वाजवायची आणि म्हणायची, खरं आहे.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. पण फोन ठेवायचं त्याला सुचेना, आणि तिलाही.