सुमनताई आणि सोयाबीनची चकती

संगणकावर साच्याचं डिझाइन पूर्ण झालं की सुमनताई डोळे मिटून दोन्ही तळहात एकमेकांवर दाबायच्या आणि हळूच उघडायच्या. साचा असा उघडला तर आतला प्लास्टिकचा भाग सुटेल की अडकेल, हे त्या हातांनी बघत. "पोरी, कडांना उतार न्हाई दिलास. पडद्यावर समदं सुटायलंय, पोलाद सोडत नसतंय!" मी इंजिनिअर, त्या राणीसावरगावच्या, आयटीआय केलेल्या. पण परभणीच्या आमच्या कारखान्यात त्यांनी मान डोलावल्याशिवाय पोलाद कापायला कुणी घेत नसे. सुरुवातीला मला याचा रागच यायचा.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे पेरणीयंत्रातली सोयाबीनची चकती. चकती फिरते आणि तिच्या प्रत्येक भोकातून एकेक दाणा पडतो. बोरीच्या एका शेतकऱ्यानं नमुना म्हणून आपली जुनी चकती दिली होती. मी ती डोळ्यांत तेल घालून मोजली. साचा झाला, नवी चकती निघाली, आणि चाचणीत प्रत्येक भोकातून दोन-दोन दाणे पडले. पेरणी तोंडावर आलेली. नोकरी गेली असं मी धरूनच चालले.

ताईंनी नमुन्याच्या भोकात नख फिरवलं आणि खो-खो हसल्या. "अगं, लय हंगाम चाललेली हाय ही! भोकं घासून मोठी झालीत. तू चकती न्हाई मोजलीस, झीज मोजलीस!"

तेवढ्यात मालक आले. "माप कुणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "काढलं हिनं, पास केलं मी. नमुना तवा मीबी हातात घेतला न्हाई. साचा शाबूत हाय, उद्या चकती देतो."

आणि दिली. साच्यातल्या भोकं पाडणाऱ्या पिना त्यांनी मला सुट्या बसवायला लावल्या होत्या, तेव्हा मी कुरकुरले होते. आता तेवढ्या पिना काढून बारीक केल्या की काम झालं.

ताई गेल्या साली वारल्या. त्यांच्याइतकं मला कुणी सांभाळून घेतलं नाही. आठवण आली की दुसऱ्या दिवशीची ती चाचणी दिसते. सगळे ताईंकडे बघत होते. त्यांनी मला पुढं ढकललं. "फिरव चाक. तुझी चकती हाय."

एक दाणा पडला. मग आणखी एक. एकेकच. मी सगळ्यांदेखत दाण्यांवर वाकून रडायला लागले.

"बस कर पोरी," ताई म्हणाल्या, "बियाणं भिजवायलीस!"