मागच्या दाराचं तेल

आमच्या चौल गावात सकाळी घराबाहेर पडताना तेली समोर आला, की माणूस माघारी फिरायचा. पायरीवर बसायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मग नव्याने निघायचा. हा तेली म्हणजे माझा बाप. डोक्याला, दिव्याला, फोडणीला सगळ्यांना आमच्या घाण्याचं तेल चालायचं, सकाळी आमचं तोंड तेवढं नको. बाबांना त्यात काही वावगं वाटत नसे. उन्हं वर आल्याशिवाय ते रस्त्यावर पाऊलच टाकत नसत. मला मात्र तेव्हाही संताप यायचा आणि आज म्हातारपणीही येतो.

घाण्याचा व्यवहार साधा होता. नारळाच्या वाड्यांतून लोक सुकं खोबरं आणायचे. तेल त्यांचं, उरलेली पेंड आमची, तीच आमची मजुरी. पुढे रेवदंड्याच्या बंदरात मुंबईहून गिरणीच्या तेलाचे डबे उतरू लागले. लोक खोबरं व्यापाऱ्याला विकून डब्यातलं तेल घेऊ लागले. घाणा उभाच राहू लागला, तेव्हा बाबांनी बैल विकायला काढला. एक गाडीवाला येऊन त्याचे दातही बघून गेला.

तेवढ्यात मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष आलं. देवळात सभा झाली. अलिबागहून आलेले एक वकील फार गोड बोलले. गावच्या कारागिराला गावानेच जगवायचं, गावात घाणा असताना डब्याला हात लावायचा नाही, असं म्हणाले आणि साऱ्या गावाने देवापुढे हात वर करून शपथ घेतली. बाबा बाहेर चपलांपाशी बसून ऐकत होते. घरी आले ते डोळे पुसतच.

"बैल न्हाय विकायचा," ते आईला म्हणाले. "आख्खं गाव हाय आपल्या पाठीशी."

'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' असं आम्हाला जन्मभर ऐकवणारे आता बाबांना 'दादा' म्हणू लागले. खोबऱ्याची पोती खरंच आली. घाणा पुन्हा करकरायला लागला आणि आई कामं करताना गुणगुणायला लागली.

मग गावच्या तुकडीने वकिलांबरोबर मीठ उचलायला निघायचं ठरलं. आरतीचं सगळं तेल बाबांनी पदरचं खोबरं गाळून फुकट दिलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी, देवळात शपथ घेतलेल्यांपैकी दोघे वाडीवाले आमच्याकडे आले.

"दादा, राग मानू नकोस. उद्या तुकडी निघेपर्यंत घरातच थांब. घाणाही बंद ठेव. लोकांच्या मनात उगाच शंका नको."

"व्हय भाऊ, त्ये काय सांगाया पायजे?" बाबा म्हणाले.

सकाळी आम्ही दार लावून बसलो. बाहेर ताशा वाजत होता, जयजयकार चालला होता. आरतीच्या निरांजनांत आमचं तेल जळत होतं आणि बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पोलिसांनी तुकडीवर लाठ्या चालवल्या. वकिलांचं डोकं फुटलं. संध्याकाळी गावभर एकच बोलणं, निघताना तेली आडवा गेला. कुणाला तो विहिरीपाशी दिसला होता, कुणाला देवळामागे. आम्हाला वाटलं, ते दोघे तरी खरं सांगतील. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. शपथ मोडली असं कुणी म्हटलं नाही, फक्त खोबरं यायचं थांबलं. व्यापाऱ्याकडे डब्यांचा ढीग लागला आणि गाडीवाला येऊन आमचा बैल सोडून घेऊन गेला.

एके दिवशी तिन्हीसांजेला मागच्या दाराची कडी वाजली. त्या दोघांपैकी एक वाटी घेऊन उभा होता. वकील त्याच्याच घरी पडून होते.

"जखमेला हळद खलवायला घाण्याचंच तेल हवं," तो म्हणाला. "डब्यातल्याने झोंबतं."

आई त्याला काहीतरी बोलणार होती. बाबांनी तिला हाताने थांबवलं, मडकं उपडं केलं आणि शेवटचं तेल त्याच्या वाटीत ओतलं. आता अंधार पडला होता, म्हणून तो घरातूनच पुढच्या दाराकडे वळला, तेव्हा बाबा म्हणाले, "आल्या वाटेनंच जावा, भाऊ. पुढं ओसरीवर मी बसनार हाय. जाता जाता माझं तोंड दिसलं तर जखम भरायची न्हाय."

बाबांनी उभ्या जन्मात कुणाला दिलेला हा एकच टोमणा. मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल.

"बरं झालं आठवण करून दिलीस," तो म्हणाला आणि वाटी सांभाळत मागच्या दाराने निघून गेला.