डबा वाजला की हजर

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक जागा सोडून. ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्ही चहा संपवून उठाल.

हॅचरीत किस्से गाळासारखे साचतात. वरून पाणी नितळ, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत! ग्वाल्हेरपासून तासाभरावर आप्पासाहेबांची मत्स्यबीजाची, म्हणजे माशांच्या पिल्लांची, हॅचरी. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले. तलवारी गेल्या, मिशा राहिल्या. मी तिथे मॅनेजर, ड्रायव्हर आणि शिव्या खायला हक्काचा माणूस.

*

खाणं टाकण्याआधी आमचा हरचरण पत्र्याचा डबा बडवायचा. लगेच तळंभर रोहू तोंडं उघडून काठाशी!

"आमची मासळी मिलिटरीची," आप्पा मिशीवरून हात फिरवायचे. "बिगुल वाजला की हजर!"

एकदा इंदरगंजचे एक वकीलसाहेब आले. त्यांनी पाण्यात हात घातला तर एक रोहू बोट चोखू लागला. वकील खूश! पलीकडे बगळा उभा होता. एक पिल्लू त्याच्याही पायाशी गेलं, तसंच तोंड उघडून. बगळा क्षणभर थबकला. यात काही कट तर नाही ना, असं वाटलं असावं बिचाऱ्याला.

*

मोठे, तेज मासे बाजारात जायचे. उरलेल्यांतून जे जाळ्यात मुकाट्यानं येतील, त्यांना पैदाशीला ठेवायचं, ही आमची रीत. वर्षानुवर्षांची.

आप्पांची लेक सई मत्स्यशास्त्र शिकून आली आणि कपाळाला हात लावून बसली. "बाबा, चांगले तुम्ही विकता, आणि पळता येत नाही त्यांनाच आईबाप बनवता. हर साल! भीतीच संपली त्यांच्यातली."

"मग काय पळपुट्यांचा वंश वाढवू?"

*

बाहेरचा मासा आप्पांनी कधी तळ्यात येऊ दिला नाही. म्हणजे सगळे एकमेकांचे बहीणभाऊ. त्याच सुमारास सईला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, पण सगोत्र. आप्पांनी दारातूनच परत पाठवलं.

"माझं गोत्र बघता," सई म्हणाली, "यांचं कोण बघणार?"

मी हसलो. मग डबरा गावाहून आमचं जुनं गिऱ्हाईक आलं. त्यानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ओतली. मेलेली पिल्लं, सगळ्यांचे कणे वाकडे.

"आप्पासाहब, मछली मँगाई थी, आपने तो कमान भेज दी।"

तेव्हा कुणीच हसलं नाही. तो पुन्हा आलाही नाही. बाकीचेही एकेक करून यायचे थांबले.

*

शेवटी सईनं हट्टानं जवळच्या सिंध नदीतले रोहू आणवले. ते खाईनात. हौदाच्या भिंतींवर डोकी आपटून आपटून मेले. एकच मादी वाचली. पावसाळ्यात तिला इंजेक्शन दिलं, आमचा एक नर सोबत सोडला, पिल्लं झाली. कणे सरळ!

पण हरचरणनं डबा वाजवला की ती पिल्लं सरळ तळाशी.

"दीदी, ये तो ऐसे भागते हैं जैसे पुलिस आई हो!"

"यांनी नदी पाहिलीसुद्धा नाही," सई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आईकडून आलंय हे."

खाण्याला मागे राहिल्यामुळे ती पिल्लं अंगानं बारीक राहिली. आप्पा वैतागले. "येत्या पावसाळ्यापर्यंत ठेवतो. तोवर गिऱ्हाईक परत आलं नाही, तर फाटकाला कुलूप."

थंडीत पाणी कमी, म्हणून जुने-नवे सगळे एकाच तळ्यात ठेवले.

*

आप्पांच्या पुतण्याचं लग्न. दुपारचा मुहूर्त, किला गेटजवळचं कार्यालय. झाडून सगळे गेलो, हरचरणसुद्धा.

परत आलो तर तळ्याच्या काठी टोपल्या ओढल्याच्या खुणा, आणि डबा पडलेला. चोरांना मोठं जाळं लागलंच नव्हतं. त्यांनी नुसता डबा वाजवला होता.

शेजारच्या शेतातल्या काकांनी सगळं पाहिलं होतं. "हमें लगा, शादी की दावत मछलियों को भी दे रहे हो!"

आप्पा फेटा बांधलेलेच काठावर गेले. डबा उचलून वाजवला. काही नाही. पुन्हा वाजवला. काही नाही. सई माझ्या शेजारी उभी होती, नववारीत, पाय चिखलात.

मग पलीकडच्या कोपऱ्यात पाण्यावर एक बारीक रेघ उमटली. आमच्यापासून लांब जाणारी.

हरचरण "दीदी!" म्हणून ओरडणार, तोच आप्पांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. डबा अलगद गवतावर ठेवला, आवाज न करता.

"शूऽऽ," ते म्हणाले. "घाबरतील."

*

तर ती जागा. पाण्यावरची ती रेघ माझी, मी रचलेली. पाणी हललंच नव्हतं.

बाकी सगळं खरं. आप्पांचं ते "शूऽऽ" सुद्धा.