बोणीआधीचा कॅमेरा

ती केस आठवली की आजही आधी हसू येतं. मग वाटतं, तेव्हा घाई केली असती तर एका मुलीचं चांगलं चाललेलं आयुष्य उगाच अडकून पडलं असतं.

बेंगळुरूत चिकपेटच्या बाजाराजवळच्या ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी चालू असताना एका साडीवाल्याचा फोन आला. एक बाई रोज सकाळी गल्लीत येते, स्टँडवर कॅमेरा लावते आणि शटर उघडताना शूटिंग करते. कुलपं कुठे, माल कुठे, सगळं टिपून घेतेय, दरोड्याची तयारी आहे, असं त्याचं म्हणणं. बाजारातल्या पोलिसाला टेहळणी हा शब्द ऐकला की चहा गोड लागत नाही. बीट कॉन्स्टेबल आणि एक महिला कॉन्स्टेबल गेले आणि तिला कॅमेऱ्यासकट घेऊन आले. मागोमाग साडीवालाही आला. अर्ज त्याने आधीच वकिलाकडून लिहून घेतला होता. विनापरवाना चित्रीकरण, रहदारीला अडथळा, संशयास्पद हालचाली. गुन्हा नोंदवाच, असा त्याचा हट्ट.

मुलगी तिशीच्या आतली, महादेवपुऱ्यात आयटी कंपनीत नोकरीला. हिंदीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, "सर, एफआयआर होगा क्या?" कंपनी तिला परदेशी पाठवणार होती आणि पासपोर्टची पोलीस पडताळणी व्हायची होती. गुन्हा नावावर चढला असता तर ते सगळं तिथेच थांबलं असतं.

इथे नियमाचं सांगतो, कारण त्यात लोकांचा फार घोळ होतो. हौसेखातर हातात कॅमेरा घेऊन रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. स्टँड रोवून रस्ता अडवला किंवा माणसं-दिवे आणून शूटिंग मांडलं की परवानगीचा प्रश्न येतो. हिने स्टँड लावला होता. म्हणजे गुन्हा नोंदवायचाच म्हटलं असतं तर मला कारण मिळालं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "आई, मी ऑफिसमध्ये आहे गं, नंतर बोलते," असं म्हणून तिने डोळे पुसले.

मी मराठीत म्हणालो, "आईला थापा मारू नका. पाणी प्या आधी."

ती बघतच राहिली. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे. ठाण्यात कन्नड आणि घरी मराठी, अशीच माझी सगळी नोकरी गेली.

"रोज सकाळीच का येता?" मी विचारलं.

"सर, नंतर कस्टमर्स असतात ना. त्यांना डिस्टर्ब नको म्हणून दुकानं ओपन व्हायच्या टाइमला येते. लाइट पण तेव्हा सुंदर असतो."

"हे दाखवता कुणाला?"

"कुणालाच नाही. हॉबी आहे. इथे आल्यापासून कुठे करमत नव्हतं, त्या गल्लीत करमतं."

आम्ही तिची सगळी चित्रणं पाहिली. टेहळणी करणारा कुलूप, मागचं दार, गल्लीचा शेवट बघतो. हिने उदबत्तीचा धूर, साड्या झटकणारे हात, दारात शिंपडलेलं पाणी असलंच टिपलं होतं. पण प्रत्येक चित्रणात एक गोष्ट तशीच होती. साडीवाला देवाला हात जोडून बाहेर बघतो, कॅमेऱ्याकडे हसून काही बोलतो आणि लगेच त्याचा चेहरा पडतो. दुकानात गिऱ्हाईक एकाही चित्रणात नव्हतं. मला काय ते उमगलं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

साडीवाल्याला आत बोलावून कॉफी मागवली. तोही आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला.

"अण्णा, दरोड्याची एवढी भीती, तर नवं कुलूप लावलंत का?"

"नाही, सर."

"रात्रीची गस्त वाढवा, असं तरी म्हणायचं."

त्याने कॉफीचा कप पुढे ओढला.

"बरं, धंदा कसा चाललाय?"

एवढं विचारलं आणि तो भडाभडा बोलू लागला. "काय सांगू, सर! मी दार उघडतो, पाणी शिंपडतो, देवाला नमस्कार करतो. समोर पहिलं माणूस हीच. मी म्हणतो, बा अक्का, स्वल्प आत ये, बघ तरी. ही हात हलवून नको म्हणते आणि फोटो काढते. रोज! बोणी व्हायच्या आधीच नको म्हटलं तर दिवसभर काय विकणार मी?"

"मग अर्जात हे का नाही लिहिलं?"

"हे लिहिलं तर तुम्ही हसाल की."

मी हसलो नाही. माझे वडील कापडाच्या दुकानात होते. बोणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, न होता ते दुपारी जेवायला घरी आले की आम्ही भावंडं खालमानेने जेवायचो.

मुलीला आत बोलावून सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अहो, आमच्या पुण्यात भवानी म्हणतात तीच ना? सॉरी काका, खरंच सॉरी! मी तर तुम्हाला त्रास नको म्हणून लवकर येत होते."

"सरी, सरी, असू दे," साडीवाला म्हणाला. तिचं मराठी ऐकूनच त्याचा निम्मा राग गेला होता. अर्ज त्याने मागे घेतला. मी स्टेशन डायरीत समज देऊन सोडल्याची नोंद केली आणि कॅमेरा परत केला. मुलीला बजावलं, परवानगीशिवाय स्टँड लावायचा नाही आणि कॅमेरा उचलण्याआधी माणसाला विचारायचं. साडीवाल्यालाही सोडलं नाही. बोणी चुकली म्हणून पुन्हा दरोड्याची हूल उठवलीत तर तुम्हालाच बाकावर बसवेन, म्हटलं.

पुढे बीट कॉन्स्टेबल सांगायचा, ती आधी दुकानात जाते, रुमाल नाहीतर ब्लाउजपीस घेते आणि मगच कॅमेरा काढते. तिची पडताळणी बिनबोभाट झाली आणि ती परदेशी गेली. मला मनापासून बरं वाटलं.

उरलेल्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. अर्ज वाचून झाला की तो बाजूला ठेवायचा आणि तक्रारदाराला त्याच्या रोजच्या दिवसाबद्दल विचारायचं. अर्जात कायदा असतो. खुपलेलं दुसरंच काही असतं आणि ते सांगायची माणसाला लाज वाटते.

निवृत्तीनंतर एकदा बायकोसाठी साडी घ्यायला सकाळीच त्या दुकानी गेलो. शटर नुकतंच उघडलं होतं. पायरीवर पाय ठेवला, तसा साडीवाल्याने हात आडवा केला.

"सर, स्वल्प थांबा. ती पोरगी सुट्टीला आलीय. मेट्रोतून उतरले म्हणून आत्ताच फोन आला. बोणी तिच्या हातची होऊ द्या."

या गल्लीत इतकी वर्षं मला कुणी थांबवलं नव्हतं. बायकोला साड्यांचे फोटो पाठवायला काढलेला मोबाइल मी परत खिशात ठेवला आणि पायरी उतरून तिची वाट बघत उभा राहिलो.